न पांगणारी गर्दी

मार्च 2006 मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद झाला, आणि तंबूत परतताना स्टँडमधल्या काही लोकांनी त्याची हुर्यो उडवली. वानखेडेवर, आणि सचिनची! आज सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये त्याच मैदानावर तो शेवटचं खेळला, तेव्हा डोळे पुसणाऱ्यांत हुर्यो उडवणारेही असतीलच. ते कोण, हे कोणी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती. ती माणसं त्या दिवशी चर्चगेटला चालत गेली, लोकल पकडून घरी पोचली, जेवली, झोपली. राग आला तसा गेला, आणि त्याची पावती कोणाच्याच खिशात उरली नाही.

पूर्वीचे प्रेक्षक सज्जन होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. 1996 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर बाटल्या फेकल्या गेल्या, स्टँडमध्ये जाळपोळ झाली आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. 2007 मध्ये संघ वेस्ट इंडीजमध्ये हरला तर रांचीत धोनीच्या अर्धवट बांधलेल्या घराची तोडफोड झाली. तेव्हा आपले आजोबा-काका टाळ्या वाजवून प्रतिस्पर्ध्याचं कौतुक करायचे वगैरे गोष्टी मी सावधपणेच ऐकते. पण ती गर्दी पांगायची. फोनमधली गर्दी पांगत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, आणि ते आपल्या बडोद्याच्याच पोराच्या गोष्टीवरून सांगते.

हार्दिक पंड्याला 15 डिसेंबर 2023 रोजी मुंबई इंडियन्सचा कर्णधार केलं. पाच वेळा आयपीएल जिंकून देणाऱ्या रोहित शर्माला बाजूला सारून. बडोद्यातल्या मराठी घरांची यात मोठी पंचाईत झाली. आमच्याकडे संघ मुंबईचा. आईचं माहेर डोंबिवलीचं, मामेभाऊ सगळे तिकडचे, त्यामुळे निळी जर्सी लहानपणीच अंगावर चढलेली. आणि हार्दिक तर इथला; किरण मोरेंच्या अकादमीत घडलेला, ज्याचे किस्से रिक्षावाल्यापासून सेव-उसळवाल्यापर्यंत प्रत्येकाकडे एक तरी असतातच. म्हणजे संघ आपला, कर्णधारही आपला, पण खूश कोणीच नाही.

रोहितच्या चाहत्यांना राग आला यात गैर काही नव्हतं. मलाही ती पद्धत कोरडी वाटली होती. पण पुढे काय झालं ते बघा. काही तासांत लाखो लोकांनी संघाला अनफॉलो केल्याच्या बातम्या आल्या. जर्सी-टोप्या जाळतानाचे व्हिडिओ आले. मग रोज सकाळी ग्रुपवर नवं काहीतरी: हार्दिकची जुनी मुलाखत, त्यातलं अर्धंच वाक्य, त्याच्या चालण्याची नक्कल, त्याच्या घड्याळाची किंमत. 24 मार्च 2024 रोजी तो अहमदाबादला मुंबईचा कर्णधार म्हणून पहिल्यांदा नाणेफेकीला आला. मधले दिवस मोजले तर बरोबर शंभर भरतात. या शंभर दिवसांत त्याने मुंबईसाठी एक चेंडू टाकलेला नव्हता की एक धाव काढलेली नव्हती. तरी स्टेडियममध्ये जो आवाज झाला तो शंभर दिवस शिजवलेला होता. मैदानात एक कुत्रा शिरला तर लोक त्याला बघून ‘हार्दिक, हार्दिक’ ओरडले. 1 एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून बजावावं लागलं. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो रोहित सीमारेषेवरून हातानेच ‘शांत राहा’ अशी खूण करताना दिसला. देव स्वतः सांगतोय, पण भक्त ऐकत नाहीत, असा तो प्रकार.

मैदानावरच्या माणसाला राग यायला काहीतरी घडावं लागतं. झेल सुटतो, धावबाद होतो, कोणीतरी फालतू फटका मारतो. ऑनलाइन चाहत्यांच्या टोळीला सामन्याची गरजच लागत नाही. उलट सामना नसतो तेव्हाच तिचं काम जोरात चालतं. कोणत्या वाढदिवसाला कोणता हॅशटॅग किती वाजता चालवायचा, कोणता फोटो सगळ्यांनी डीपीला लावायचा, समोरच्याच्या आवडत्या खेळाडूचे कोणते आकडे कापून मांडायचे (फक्त परदेशातले, फक्त बाद फेरीतले, फक्त पाठलाग करतानाचे), हे सगळं ठरवून होतं. मी असल्या दोन ग्रुपांत आहे, त्यामुळे स्वयंपाकघर आतून पाहिलेलं आहे. क्रिकेट तिथे कच्चा माल आहे.

आणि माल विकला जातो तो संघाच्या नावाने नव्हे, एकेका माणसाच्या नावाने. रवींद्र जडेजाने 2023 च्या मोसमात हसत हसत बोलून दाखवलं होतं की आपण वरच्या क्रमांकावर आलो तर लोक आपण बाद होण्याची वाट बघतात, कारण त्यांना धोनी बघायचा असतो. तो हसला म्हणून आपणही हसलो. पण आपल्याच फलंदाजाची विकेट पडल्यावर आपलंच घरचं मैदान जल्लोष करतं, हे चित्र माझ्या काकांना मी तीनदा समजावलं. त्यांना अजून पटलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात हार्दिकसाठी एक शब्द सगळीकडे वापरला जात होता: ‘छपरी’. आपलं हे वाङ्मय मंडळाचं मासिक आहे, तेव्हा या शब्दापाशी जरा थांबू या. शब्द छपराशी नातं सांगतो. तो कोणाला लावतात? स्वस्त गॉगल, रंगवलेले केस, घट्ट पँट, दुसऱ्याच्या बाइकवर बसून काढलेला फोटो, अशा पोरांना. म्हणजे ज्यांच्याकडे पैसा नाही पण हौस आहे, त्यांना. हार्दिक-कृणालच्या वडिलांनी पोरांच्या क्रिकेटसाठी सुरतेहून बडोद्याला बिऱ्हाड हलवलं. पैशाची इतकी ओढाताण की मॅगी खाऊन दिवस काढले, हे हार्दिकने स्वतः मुलाखतींत सांगितलेलं आहे. पुढे त्याने पैसा कमावला, महागडी घड्याळं घेतली, केस रंगवले. आणि मुंबईच्या चांगल्या सोसायटीत राहणाऱ्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या पोरांनी त्याला हा शब्द चिकटवला. नेतृत्वावर टीका करायची तर ‘गोलंदाजीतले बदल चुकले’ म्हणता येतं, आणि ते खरंही होतं. संघ त्या वर्षी चौदांपैकी चारच सामने जिंकून तळाला गेला. पण ‘छपरी’त गोलंदाजीतले बदल कुठे येतात? त्यात फक्त ‘तू आमच्यातला नाहीस’ एवढंच येतं. आमच्या घरच्या ग्रुपवर एका मामेभावाने हा शब्द टाकला तेव्हा आजोबांनी विचारलं, ‘म्हणजे काय रे?’ त्याला सांगता आलं नाही.

असं फक्त हार्दिकच्याच वाट्याला आलं असं नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये दुबईत पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीच्या इन्स्टाग्रामवर लोक कोणती भाषा घेऊन गेले, आणि सप्टेंबर 2022 मध्ये आशिया चषकात एक झेल सुटल्यावर अर्शदीप सिंगचं विकिपीडियाचं पान कोणी कसं बदललं, ते सगळ्यांनी पाहिलंय. हरलो अकरा जण, हिशेब एकाचा, आणि तोही त्याच्या आडनावावरून.

क्रिकेटमध्ये धर्म या फोनवाल्यांनी आणला असं कोणी म्हणू नये. मुंबईची पंचरंगी स्पर्धा तर त्याच पायावर उभी होती: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘रेस्ट’, म्हणजे उरलेले. आपल्या बडोद्याचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते उरलेल्यांत. 1943 च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध ‘रेस्ट’च्या दुसऱ्या डावात 387 धावा झाल्या, त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेकबरोबर तीनशेची भागीदारी झाली आणि त्यात विवेकच्या 21! (आजच्या ग्रुपवर विवेकचं काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.) गांधीजींनी 1940 मध्येच या स्पर्धेला विरोध केला होता, 1946 मध्ये ती बंद झाली. आणि लगेच मार्च 1947 मध्ये इथे बडोद्यात रणजीच्या अंतिम सामन्यात होळकरांविरुद्ध हजारे आणि गुल मोहम्मद यांनी चौथ्या विकेटसाठी 577 धावा जोडल्या. हजारे 288, गुल मोहम्मद 319. काही महिन्यांत देशाची फाळणी होणार होती, पुढे गुल मोहम्मद पाकिस्तानकडूनही खेळले. पण त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी ते दोघे बडोद्याचे होते. एका गावाचे असणं ही चाहत्यांना एकत्र आणणारी जुनी, साधी गोष्ट. फोनमध्ये गाव नाही, हीच अडचण आहे. तिथे माणसं जमतात ती कशावर तरी चिडून.

आता दुसरी बाजू, कारण ग्रुप सोडा असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. डिसेंबर 2024 मध्ये हालोल रस्त्यावरच्या कोटंबीच्या नव्या स्टेडियमवर भारत-वेस्ट इंडीज महिलांचे एकदिवसीय सामने झाले. तिकीट कुठे, बस कुठून, आत काय नेऊ देतात, सगळं आम्हाला ग्रुपवरच कळलं. आम्ही सात मुली गेलो. सांगलीच्या स्मृती मंधानाने 91 धावा केल्या. आमच्या मागे बसलेल्या अनोळखी मुली राधा यादव बडोद्याकडून खेळते इथपासून देशांतर्गत स्पर्धेतले तिचे आकडेही धडाधड सांगत होत्या. हे ज्ञान त्यांना टीव्हीने दिलेलं नव्हतं. महिला क्रिकेट टीव्हीवर क्वचित दिसायचं त्या काळात या चाहत्यांनीच ते फोनमध्ये जिवंत ठेवलं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानाशी धरून ऐकणाऱ्या आमच्या आजोबांना एवढी माहिती कधीच मिळाली नव्हती, हे तेही कबूल करतात. फक्त ते विचारतात, ‘एवढं माहीत असून सारखे भांडता कशाला?’

माहितीने शहाणपण येतंच असं नाही. अंशुमन गायकवाडांनी 1983 मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध 201 धावांसाठी 671 मिनिटं फलंदाजी केली होती. आज तशी खेळी कोणी केली तर पहिल्या दिवशी चहापानाआधीच निवृत्तीचा हॅशटॅग निघेल, स्ट्राइक रेटच्या तक्त्यासकट.

29 जून 2024. बार्बाडोसला विश्वचषकाचा अंतिम सामना, शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला 16 हव्या, चेंडू हार्दिकच्या हातात. पहिल्याच चेंडूवर मिलरचा तो झेल सूर्यकुमारने घेतला. हार्दिक तीन षटकांत 20 धावा देऊन तीन बळी घेऊन मैदानातच रडला. 4 जुलैला वानखेडेवर तीच माणसं ‘हार्दिक, हार्दिक’ ओरडत होती, या वेळी कुत्र्यासाठी नाही. जुलैच्या मध्यावर बडोद्यात उघड्या बसमधून त्याची मिरवणूक निघाली. स्टेडियमने माफी मागितली नाही, पण विसरून दाखवलं. गर्दीला जमतं ते एवढंच, आणि ते थोडं नाही. आमच्या ग्रुपवर मात्र त्याच रात्री मार्चमधले स्क्रीनशॉट बाहेर निघाले: कोण काय बोललं होतं, कोणत्या तारखेला, कोणी त्यावर हसण्याचं चिन्ह टाकलं होतं. मग ज्यांची नावं निघाली त्यांनी समोरच्यांची 2022 मधली वाक्यं काढली. विश्वचषक जिंकलेल्या रात्री दीड वाजेपर्यंत हे चाललं. ज्या पोराला त्या क्षणी मनापासून टाळ्या वाजवायच्या होत्या, त्याला त्या वाजवू दिल्या नाहीत, कारण एप्रिलमध्ये तो दुसरं बोलला होता.

त्यानंतर कॉलेजच्या ग्रुपवर आम्ही दोन गोष्टी केल्या. मेसेज सात दिवसांनी आपोआप नाहीसे होतील अशी सेटिंग लावली. आणि सामना संपल्यावर अर्ध्या तासाने ग्रुप फक्त ॲडमिनसाठी खुला राहतो, दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत. यावर बरीच बोंबाबोंब झाली. एका मित्राचं म्हणणं, ही मुस्कटदाबी आहे. शिवाय स्क्रीनशॉट काढणारा काढणारच. दुसरं त्याचं खरं आहे. पहिल्यावर मी त्याला एवढंच म्हटलं की वानखेडेचेही दिवे रात्री बंद करतात. तो म्हणाला, फायनलच्या दिवशी तरी रात्रभर चालू ठेवा. तो ठराव पुढच्या बैठकीत मांडायचा आहे, आणि माझं मत अजून नाहीच आहे.