मोजमाप आणि पारख

वणी किंवा पांढरकवड्याच्या बाजारात कापसाची गाडी आली की प्रथम ओलावा तपासला जातो. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेल्यास भाव कमी होतो. १२ टक्क्यांच्या वर गेल्यास सरकारी खरेदी केंद्र तो कापूस घेत नाही. मात्र त्या आकड्यावरून धाग्याची लांबी सांगण्याचे धाडस कोणताही जाणता व्यापारी करणार नाही. तोच व्यापारी घरी आल्यावर एका गुणपत्रकावरून मुलाची सारी बुद्धी मोजून मोकळा होतो.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने पाचवी व आठवीसाठी घेतलेली शिष्यवृत्ती परीक्षा पाहावी. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नास सरासरी ७२ सेकंद. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे. भाषा, गणित व तर्क यांची तयारी येथे निश्चित कळते. परंतु त्याबरोबर वेग, सराव आणि शिकवणीचा खर्चही गुणांत मिसळतो. शिष्यवृत्त्यांची संख्या ठरावीक असल्याने गुणवत्ता यादी मुलाला किती येते यापेक्षा तो इतरांच्या किती पुढे आहे, हेच सांगते.

भाषेचा भागही मोठा आहे. घरी कोलामी किंवा बंजारा बोली बोलणाऱ्या मुलापुढे मराठीतील शाब्दिक उदाहरण ठेवले, तर चुकले ते गणित की वाक्याचे आकलन, हे गुणांवरून उमगत नाही.

४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीच्या निवडक विद्यार्थ्यांचे 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' झाले. त्याचा हेतू शिक्षणव्यवस्था जोखण्याचा आहे, एखाद्या मुलाला जोखण्याचा नाही. 'असर' पाहणीत स्वयंसेवक घरी जाऊन मुलाकडून उतारा मोठ्याने वाचून घेतात. तेथे अंदाजाने गोल रंगवण्याची सोय नसते. साधन बदलले की मोजली जाणारी गोष्टही बदलते.

चिकाटी, प्रामाणिकपणा, गिऱ्हाइकाशी बोलण्याची हातोटी, चूक कबूल करण्याचे धैर्य यांना या कोणत्याच परीक्षेत रकाना नाही. पेढीवर माणूस नेमताना मात्र प्रथम हेच पाहिले जाते.

म्हणून परीक्षा टाकाऊ ठरत नाहीत. ताळेबंदातील शेवटच्या आकड्यावर न थांबता जशी खतावणी उघडली जाते, तसे पालकांनी मुलाजवळ बसून कोणते प्रश्न चुकले आणि का चुकले, हे पाहावे. वेळ अपुरा पडला, वाक्य कळले नाही की रीतच माहीत नव्हती? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. हा अर्धा तास न देता चारचौघांत गुणांची तुलना केली, तर मूल गणित शिकत नाही. पुढच्या वेळी गुणपत्रक लपवायला शिकते.