माती डोंगराची, पैसा दलालाचा, तुरुंग मात्र आमचा!



आमच्या शाळेच्या हजेरीपटात चौथीतल्या एका मुलाच्या नावापुढे दिवाळीपासून फुली पडते आहे. त्याचा बाप तुरुंगात आहे आणि आई त्याला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेली आहे. बापाने दरोडा घातला नाही की कोणाची मान कापली नाही. डोंगरावरच्या जंगलात चार गुंठे जागा साफ करून त्याने गांजा लावला. बी दिले दुसऱ्याने, उचल दिली दुसऱ्याने, माल नेणार होता तोही दुसराच. पोलीस आले तेव्हा सापडला तो एकटा हा! त्या दुसऱ्याची फटफटी मात्र आजही बाजाराच्या दिवशी गावात येते. हे पाहून आम्हांस गप्प बसवत नाही.

हे दुखणे एका घरचे नाही. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या जंगलजमिनीवरील गांजाची शेते पोलिसांनी उपटून जाळल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वरचेवर आल्या आहेत. दलालाचे बोलणे मोठे गोड असते. तो म्हणतो, "दादा, जंगलची माती म्हणजे सोने! खत नको, मशागत नको. खालच्या रानात कापूस लावून तुमच्या हाती काय उरते?" या शेवटच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नसते, आणि तेथेच त्याचे काम होते.

तर आधी मातीचेच पाहू. जंगलची माती काळी व भुसभुशीत असते हे खरे. पण ती तशी कशाने झाली? वर्षानुवर्षे पाने गळतात व कुजतात, गांडुळे आणि किडे ती मातीत कालवतात, झाडांची मुळे हा थर धरून ठेवतात. उतारावर हा थर बहुधा वीतभरही नसतो. झाडे तोडली की वरची पानगळ थांबली आणि खालची मुळे सुटली. गांजाचे झाड तर मोठे खादाड. थोड्याच पावसाळ्यांत माती नाल्याला लागते आणि मुरूम उघडा पडतो. मग दलाल म्हणतो, "दादा, आता थोडे वर सरका."

कोणी झाडे न तोडता ती माती पोत्यांत भरून परसात आणतो. पण पोत्यातून माती आली तरी जंगल येत नाही. तणाचे बी येते, हुमणी येते, मूळ कुजविणारी बुरशी येते. आणि वरून पाने पडत नसल्याने तिचा कस लवकरच सरतो.

शिवाय ही माती एकट्याची आहे काय? जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत येतो आणि त्यांना आयते खत मिळते, हे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे वरचे जंगल हा खालच्या अवघ्या गावाचा खताचा खड्डा होय. एकाने तो उपसला तर खालच्या कितीएक शेतांच्या तोंडचा घास गेला. घरचीच कुऱ्हाड घरच्या गोतास काळ, ती ही!

आता कायदा ऐका. १९२७ च्या जंगल कायद्यात जंगलातील वरची माती हीदेखील जंगलाचा माल धरली आहे. राखीव जंगलातून ती उचलणे हा एक गुन्हा. तीत गांजा लावणे हा १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने दुसरा गुन्हा. त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. झाडे पाच की पाचशे, या कलमात भेद नाही. "मला ठाऊक नव्हते" म्हणाल, तर ते सिद्ध करण्याचा भारही तुमच्याच माथी. उलट शहरात गांजा ओढणाऱ्या बाबूस फार तर सहा महिने, किंवा नुसता दंड. लावणारा दहा वर्षे, ओढणारा सहा महिने! हा तराजू नीट पाहून ठेवा.

याच कायद्यात असल्या लागवडीस पैसा पुरविणारास दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी सांगितली आहे. मग सरकारला आमचा सवाल आहे: झाडे उपटायला डोंगर चढणाऱ्यांना उचल देणाऱ्याचा माग बाजारपेठेत का लागत नाही? शेंडे खुडून मुळाला पाणी घालण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

कोणी म्हणेल, पूर्वी गांजा उघड पिकत होता. होय, पिकत होता. इंग्रजी अमलात नगर जिल्ह्यात परवान्याने त्याची शेती होई आणि सरकार त्यावर कर घेई. पण त्या धंद्यावर सरकारी खजिना भरला; कोणा कुणब्याचा वाडा उठला असेल तर दाखवावा. कोणी म्हणेल, ही शंकराची बुटी आहे. शंकराला बेलाचे पान पुरते! त्याच्या नावाने चिलीम भरणारे गोसावी-बैरागी तुमच्या लेकरांची फी भरायला यायचे नाहीत.

दोष आम्हां शिकलेल्यांचाही आहे. बेकायदा लागवड कळताच खबर देणे हे पंच, सरपंच व सरकारी नोकर यांचे कर्तव्य कायद्यातच सांगितले आहे. आम्ही मास्तर लोक जाणूनबुजून डोळे मिटून बसलो. पीक हातभर वाढण्याआधी त्या घरी जाऊन दोन शब्द बोललो असतो, तर आज ते पोर वर्गात असते. ही फुली त्याच्या नावापुढे असली तरी आमच्याही कपाळी आहे.

म्हणून सांगतो. उचल घेऊ नका. तुमच्या रानात दुसऱ्याने झाड लावलेले दिसले तर त्याच दिवशी कळवा. जाणूनबुजून लपविणाराही शिक्षेस पात्र आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. तो कागदावर ठेवू नका, सभा भरवून ठराव करा. आपल्याच बांधावरचा पाला आणि गोठ्यातले शेण खड्ड्यात कुजवा, पावसाच्या तोंडी ताग पेरून फुलाच्या आधी गाडा. जंगलची माती जशी घडते तशीच ती आपल्या शेतात घडविता येते. फक्त त्याला दलाल लागत नाही.

आणि पुढच्या बाजाराला ती फटफटी गावात आली, तर तिच्या मालकाला सर्वांनी मिळून एवढेच विचारा: "दादा, तुरुंगात आमच्या जागी तुम्ही बसाल काय?"