खोकं फोडा!

जे सांगायचंय ते सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचंय त्यांचा वेळ वाचेल. ज्या माणसाने ट्रान्सफॉर्मर विकत घेऊन त्याचं खोकं उघडलेलं नाही, त्याच्याकडे ट्रान्सफॉर्मर नाही. त्याच्याकडे खोकं आहे. रंगीत असेल, महागडं असेल, पण खोकंच. आणि ज्याने तो उघडला, रोबोच्या रूपात कपाटात उभा केला, चार फोटो काढले आणि दहापैकी नऊ गुण देऊन मोकळा झाला, त्याने अर्ध्याच खेळण्याचं परीक्षण लिहिलंय.

आता थोडं घरच्यांसाठी. (मामा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. "चाळिशी आली, अजून खेळणी कसली घेतोस" हा तुझा प्रश्नही पाठ आहे. त्याचं उत्तर इथे नाही, पण पुढे वाच.) ट्रान्सफॉर्मर म्हणजे असं खेळणं, जे एका रूपात गाडी, विमान किंवा प्राणी असतं आणि काही भाग फिरवले, दुमडले, सरकवले की रोबो होतं. काहीही काढायचं नाही, जोडायचं नाही, आहे त्यातूनच दुसरं करायचं. निदान कल्पना तरी अशी आहे. प्रत्यक्षात १९८४ च्या पहिल्या ऑप्टिमस प्राइमच्या मुठी वेगळ्या येत, त्या हातात खोचाव्या लागत आणि अर्थातच हरवत.

हे खेळणं मुळात जपानी. टाकारा या कंपनीची १९८० पासून डायाक्लोन नावाची मालिका होती, पुढे मायक्रो चेंज आली. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने या दोन्हींतले साचे उचलले, १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स या नावाने बाजारात आणले आणि मार्व्हल कॉमिक्सच्या मंडळींकडून त्यांना गोष्ट लिहून घेतली. डायाक्लोनमधले रोबो सजीव नव्हते, ती माणसांनी चालवायची यंत्रं होती. म्हणून पहिल्या पिढीतल्या काही गाड्यांच्या आत बोटभर माणसासाठी बसायची जागा आहे. गोष्ट बदलली, ड्रायव्हर गेला, खुर्ची राहिली. ही रिकामी खुर्ची फोटोत सहसा दिसत नाही. दार उघडून आत डोकावणाऱ्यालाच ती सापडते.

मायक्रो चेंजची कल्पना तर आणखी गमतीची. घरातल्या वस्तूच रोबो निघतात, आणि त्याही खऱ्या आकाराच्या. साउंडवेव्ह हा तिथलाच. आपण सगळे टेपरेकॉर्डरच्या काळात वाढलेलो, त्यामुळे त्याची मजा आपल्याला वेगळी सांगायला नको. तो छोटा मायक्रोकॅसेट रेकॉर्डर आहे. बटण दाबलं की छातीचं झाकण उघडतं, आत कॅसेट. ती कॅसेट बाहेर काढून उलगडायची, की तिचा पक्षी होतो. १९८४ च्या साउंडवेव्हबरोबर बझसॉ नावाचा पक्षी यायचा. आता मला सांगा, हे सगळं खोक्याच्या खिडकीतून पाहून काय कळणार? झाकण उघडताना बोटाला जो खटका जाणवतो, ते या खेळण्याचं निम्मं मोल आहे.

आणि ज्या खोक्यासाठी एवढा जीव टाकतात, ते तरी जपण्यासाठी बनवलेलं होतं का? बिलकूल नाही! त्या काळच्या अमेरिकन खोक्यांच्या मागच्या बाजूला प्रत्येक पात्राचं माहितीपत्रक छापलेलं असे: बळ किती, बुद्धी किती, वेग किती. ते कापून ठेवायचं आणि सोबतच्या लाल पारदर्शक पट्टीतून वाचायचं. शिवाय खोक्यावर रोबो पॉइंट्स असत, तेही कापायचे, साठवायचे आणि टपालाने पाठवून दुसरी खेळणी मागवायची. म्हणजे खुद्द कंपनी पोरांच्या हातात कात्री देत होती. आज त्याच खोक्याचा कोपरा दबला तर लोक विक्रेत्याला शिव्या घालतात. अमेरिकेत तर बंद खोक्याला गुण देऊन ते ॲक्रिलिकच्या पेटीत सील करून देणाऱ्या कंपन्या आहेत. पेटीतली पेटी. हात लागायला नको म्हणून आणखी एक भिंत.

आपल्याकडे ही कल्पना इतकी चटकन का रुजली, याचं मला अजिबात नवल वाटत नाही. आपणच ना ते, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालणारे? नव्या सोफ्याचं आवरण वर्ष वर्ष न काढणारे? प्रत्येक दिवाणखान्यात एक शोकेस असायची आणि तिच्यात एक चांगला डिनर सेट, जो "पाहुणे आले की काढू" म्हणून ठेवलेला. पाहुणे यायचे, स्टीलच्या ताटांत जेवायचे, जायचे. बंद खोकं हे त्याच शोकेसचं पुढचं रूप आहे. फक्त आता त्याला 'कलेक्शन' म्हणतात आणि 'इन्व्हेस्टमेंट' म्हणतात.

भारतातल्या कलेक्टरची एक अडचण मात्र खरी आहे, ती मान्य करायला हवी. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. त्यातच जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. परदेशातून एखादा मोठा रोबो मागवायचा म्हणजे काय हिशेब होतो ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. एवढे पैसे मोजल्यावर पहिला सांधा वळवताना हात थरथरणार, हे मी समजू शकतो. पण उलट विचार करा. एवढे पैसे मोजून जर मी फक्त पुठ्ठा पाहणार असेन, तर मी ते शुल्क नेमकं कशावर भरलं?

आता गुंतवणूकवाले. यांचं म्हणणं असं की न उघडलेलं खेळणं टिकतं, उघडलेलं झिजतं. ऐकायला पटतं. पण प्लॅस्टिक हे काही सोनं नाही, आणि गंमत म्हणजे त्यातलं सोनेरी प्लॅस्टिक तर सगळ्यात आधी दगा देतं! साधारण १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या दशकात काही ट्रान्सफॉर्मर्समध्ये सोनेरी चकाकी मिसळलेलं प्लॅस्टिक वापरलं गेलं. वर्षं गेली तसं ते आतून ठिसूळ होत गेलं. १९८८ चा जपानी ब्लॅक झॅरक याबाबतीत कुप्रसिद्ध आहे. असा रोबो कोणी खेळलेला असो वा नसो, सील तोडलेलं असो वा नसो, हात वळवायला गेलं की बिस्किटासारखा तुकडा हातात येतो. पांढऱ्या प्लॅस्टिकची तऱ्हा वेगळी. १९८५ चा जेटफायर काळाबरोबर पिवळा पडतो, जुन्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डसारखा. म्हणजे ज्याने तीस वर्षं धीर धरला त्याच्या वाट्याला खेळही नाही आणि अखंड खेळणंही नाही. ज्या पोराने ते तेव्हाच फोडून, गॅलरीत, मातीत, पलंगाखाली मनसोक्त वळवलं, त्याने मात्र आपला वाटा घेतला. (ठिसूळ झालेलं सोनेरी खेळणं आज कोणाकडे असेल तर त्याने ते वळवू नये, हे मीही सांगेन. तिथे आता उशीर झालाय.)

"पण मग इतिहास कोण जपणार?" हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि तो वाईट नाही. काही नग बंद राहावेत, संग्रहालयात राहावेत, जरूर. पण प्रत्येक घरातल्या प्रत्येक कपाटाचं संग्रहालय करायचं कारण नाही. शिवाय या खेळण्याचा इतिहास पुठ्ठ्यात कमी आणि सांध्यांत जास्त आहे. १९८४ चा रोबो बहुतेक वेळा ताठ उभा राहतो, गुडघ्याची फारशी ओळख नसलेला. १९९६ मध्ये बीस्ट वॉर्सचे प्राणी आले आणि गोळा-वाटीचे सांधे सर्रास दिसायला लागले, तेव्हा तो पहिल्यांदा नीट पाय टाकून उभा राहिला. २००७ च्या सिनेमाच्या खेळण्यांत एक भाग हलवला की आतल्या दात्यांमुळे दुसरा आपोआप हलायचा. हा प्रवास वाचून कळत नाही. तीन काळांतली तीन खेळणी एकामागोमाग वळवली की बोटांना कळतो.

आता परीक्षणं लिहिणाऱ्यांकडे वळतो, कारण माझं खरं भांडण तिथे आहे. खोकंवाले निदान स्वतःचंच नुकसान करतात. परीक्षकांमुळे खेळणी बदलतात.

हल्लीच्या परीक्षणात सगळ्यात मोठा शब्द कोणता, तर कार्टूनशी किती जुळतो. मास्टरपीस मालिका २००३ मध्ये सुरू झाली ती मोठ्यांसाठी, आणि तिच्यात सुंदर काम झालंय. २०११ चा ऑप्टिमस प्राइम हातात घेतला की ट्रक पण ट्रक वाटतो आणि रोबो पण रोबो. २०१९ मध्ये त्याचा आणखी एक अवतार आला, पडद्यावरच्या चित्राच्या आणखी जवळ जाणारा. त्यासाठी ट्रकचे पत्रे इतके बारीक तुकड्यांत दुमडून आत लपवले आहेत की वळवताना रोबो करतोय की साडीची घडी, असा प्रश्न पडावा. आणि हे सगळं कशासाठी? कार्टूनसाठी, जे मुळात ही खेळणी खपावीत म्हणून काढलं होतं! खेळणी आधी, चित्रं नंतर. चित्रकारांनी भराभर काढता यावं म्हणून खेळण्यातला तपशील गाळला. आज आपण तो गाळलेला तपशील प्रमाण मानतो आणि खऱ्या खेळण्याला म्हणतो, तू चित्रासारखा नाहीस. फोटोवरून मुलगी पसंत करायची आणि मग तिला म्हणायचं तू फोटोसारखी दिसत नाहीस, त्यातला प्रकार.

याचा शेवट कुठे होतो तेही आपण पाहिलेलं आहे. १९९० मध्ये हॅस्ब्रोने ॲक्शन मास्टर्स काढले. हे रोबो दिसायला कार्टूनसारखे, हातपाय हलणारे, पण रूप न बदलणारे. त्याच सुमाराला अमेरिकेतली पहिली पिढी आटोपली. खप आधीपासूनच घसरत होता, त्यामुळे सगळं खापर यांच्या डोक्यावर फोडणार नाही. पण बुडती नाव वाचवायला जे काढलं ते न बदलणारा ट्रान्सफॉर्मर असावं, याला काय म्हणायचं? एवढं होऊनही २०२० मध्ये आर.ई.डी. नावाची मालिका आली, पुन्हा न बदलणारी. का नाही येणार? गुण फक्त रोबोच्या फोटोला मिळत असतील तर कंपनीने बिजागऱ्यांवर पैसा का घालावा?

दुसरं टोक २०२१ चं. रोबोसेन कंपनीने हॅस्ब्रोबरोबर असा ऑप्टिमस प्राइम काढला, जो आवाजी हुकमावर आपला आपण ट्रक होतो आणि आपला आपण रोबो होतो. आत २७ मोटर आहेत. तांत्रिक करामत म्हणून टोपी काढतो. पण यात माझं काम काय? सोफ्यावर बसून "शाबास" म्हणायचं? उद्या कोडं स्वतःच सुटायला लागलं तर कोडं सोडवणाऱ्याने काय करायचं!

परीक्षण कसं असावं, तर साधं आहे. आधी कागद न बघता वळवून पाहा, कुठे अडलात ते लिहा. कुठली खुंटी खाचेत नीट बसत नाही, कुठला पत्रा दुसऱ्यावर घासून रंग उडतो, ते लिहा. मग दहा वेळा वळवा. दहाव्या वेळी सांधे तेवढेच घट्ट आहेत का? सैल झाले असतील तर गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ थर देऊन, पूर्ण वाळू देऊन पुन्हा पाहा. आणि शेवटी, हे सगळ्यात महत्त्वाचं, घरातल्या एखाद्या पोराच्या हातात द्या आणि गप्प बसा. ते कुठे हसलं, कुठे वैतागलं, तेवढं लिहिलंत तरी पुरे. दहापैकी किती, ते नाही सांगितलं तरी चालेल.

ताई, तू विचारत होतीस म्हणून: हो, सुट्टीत भाचेमंडळी आली की माझं कपाट उघडंच असेल. साउंडवेव्हसकट. कॅसेट हरवली तर सोफ्याखाली मिळून शोधू. फक्त भेळ खाऊन झाल्यावर हात धुऊन या म्हणावं.