कर चोख, तपासणी बेपत्ता!

महामारीच्या पहिल्या वर्षी हात धुण्याच्या नावाखाली या महाराष्ट्रात जनतेचे खिसे धुतले गेले, हे आम्ही विसरलेलो नाही. मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहकसंस्थेने २०२० साली बाजारातून सॅनिटायझरचे १२२ नमुने विकत घेऊन तपासले. त्यांतले ४५ भेसळीचे निघाले. पाच नमुन्यांत मिथेनॉल होते. पोटात गेले तर ते डोळे घेते, आणि पुष्कळदा प्राणही. अल्कोहोल साठ टक्क्यांखाली उतरले की जंतू मरतील असा भरवसा ठेवता येत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात तर इथेनॉल ८० टक्के आहे; आणि आमच्या बाजारात सुगंधी निळे पाणी तोऱ्यात विकले जात होते.

हे ओळखणे अवघड होते, अशी सबब कोणी पुढे करील तर त्याने नाशिकच्या एखाद्या फार्मसी कॉलेजात जाऊन विद्यार्थ्यांना विचारावे. अवरक्त वर्णपटमापकाच्या स्फटिकावर एक थेंब ठेवा. इथेनॉल १०४५ या तरंगसंख्येच्या आसपास प्रकाश शोषते, मिथेनॉल १०२० च्या आसपास, पाणी १६४० पाशी. म्हणजे चोर आणि साव यांची शिखरे वेगवेगळ्या जागी उभी राहतात. ठाऊक प्रमाणाची मिश्रणे आधी मोजून आलेख तयार ठेवला की शिखराच्या उंचीवरून टक्केवारी निघते, तीही काही मिनिटांत. संशय आलाच तर पुढे गॅस क्रोमॅटोग्राफी आहेच. औषधाची ओळख पटवायला भारतीय औषधसंहिता हीच अवरक्त पद्धत वापरते. रेणूला लाच देता येत नाही. अडचण बहुधा तीच आहे!

आता सरकारची लीला पाहा. १३ मार्च २०२० रोजी सॅनिटायझर जीवनावश्यक ठरले, त्याच महिन्यात २०० मिलिलिटरला शंभर रुपयांची मर्यादा लागली, टाळ्या पिटल्या गेल्या. जुलैत विक्रीच्या परवान्याची अट उठली आणि बाटली पानटपरीवर आली. त्याच सुमारास गोव्यातील एका डिस्टिलरीने ‘हे औषध समजा, कर कमी लावा’ म्हणताच तिथल्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने ठणकावले की हे जंतुनाशक आहे, अठरा टक्के भरा. जीवनावश्यक असल्याने जीएसटी माफ होत नाही. भाषणापुरते जीवनावश्यक, दुकानदारापुरते किराणा आणि तिजोरीपुरते जंतुनाशक, अशी एकाच बाटलीची तीन बारशी करणाऱ्या या शहाण्यांनी कराचा दर पाच टक्क्यांवर आणला तो जून २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या चिता विझत आल्यावर, आणि तोही सप्टेंबरअखेरपर्यंतच. वरातीमागून घोडे, तेही भाड्याचे.

अल्कोहोल मोजणे या राज्याला येत नाही काय? उत्तम येते. द्राक्षाच्या वाइनवर आणि उसाच्या मळीवर पोसलेल्या या नाशिक जिल्ह्यात उत्पादन शुल्क खात्याच्या नजरेतून स्पिरिटचा थेंब सुटत नाही, कारण त्या थेंबात महसूल आहे. पिणाऱ्याचे अल्कोहोल दशांशापर्यंत मोजायचे आणि रुग्णाच्या उशाशी ठेवलेले लेबलावरच्या छापील आकड्याच्या हवाली करायचे, ही अक्षमता नव्हे. ही निवड आहे, आणि ती निर्लज्ज आहे.

नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. रामकुंडावर, साधुग्रामात, सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डांत सॅनिटायझरचे कॅन येतील, आणि कॅनमागे ठेकेदार. प्रत्येक खेपेचा नमुना तपासला जावा, टक्केवारी जाहीर व्हावी, आकडा चुकला तर बिल अडवावे. यापेक्षा अधिक आम्ही काही मागत नाही. प्रशासन हे आपणहून करील, या भ्रमात नाशिककरांनी राहू नये. खरेदीची कागदपत्रे आणि तपासणीचे अहवाल आतापासूनच मागा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.