दाराची घंटी आणि अडलेली रांग

दोस्तांनो, आज डेटाबेसच्या पोटात राहणाऱ्या दोन कामकऱ्यांची ओळख करून घेऊ. सोबत माझी एक फजितीही सांगतो. हसायला हरकत नाही, पण त्यातून एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा हं!

पहिला कामकरी म्हणजे स्टोअर्ड प्रोसीजर. आई नुसतं म्हणते, "चहा टाक." आधण ठेव, साखर घाल, पत्ती घाल, असं ती दरवेळी सांगत बसते का? नाही. कृती तुम्हाला पाठ असते. प्रोसीजरचंही तसंच. आज्ञांची कृती एकदाच लिहायची, तिला नाव द्यायचं आणि डेटाबेसमध्येच ठेवून द्यायची. नावानं हाक मारली की ती कामाला लागते. हाक मारली नाही, तर गप्प बसते.

दुसरा कामकरी ट्रिगर. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. पण मला तो दुकानाच्या दाराला बांधलेल्या घंटीसारखा वाटतो. ती कुणी वाजवत नाही. दार उघडलं की आपोआप वाजते. तक्त्यात नवी नोंद आली, जुनी बदलली किंवा पुसली गेली, की ट्रिगर आपला आपण चालतो.

आता फजिती. एका गावातल्या वाचनालयासाठी मी पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर काम केलं होतं. तक्ते दोन. पहिल्यात प्रत्येक प्रतीची नोंद : ती कपाटात आहे की वाचकाच्या घरी. दुसऱ्यात प्रत्येक पुस्तकाच्या किती प्रती शिल्लक, तो आकडा. पहिल्या तक्त्यावर मी ट्रिगर बसवला : एखादी नोंद बदलली, की सगळा तक्ता चाळून त्या पुस्तकाच्या कपाटातल्या प्रती मोज आणि आकडा लिही.

वर्षभर सगळं छान चाललं. एका वेळी एकच पुस्तक जायचं-यायचं ना! मग आली वार्षिक तपासणी. ग्रंथपाल बाईंनी तपासलेल्या सगळ्या, म्हणजे ४०,००० प्रतींच्या नोंदी एकाच आज्ञेत बदलल्या. झालं! घंटी ४०,००० वेळा वाजली आणि दर वेळी ट्रिगरनं ४०,००० नोंदी चाळल्या. गुणाकार करून पाहा. एकशे साठ कोटी!

बरं, ट्रिगरचं काम हे त्या आज्ञेचाच भाग असतं. ते संपेपर्यंत आज्ञा पुरी होत नाही आणि बदललेल्या नोंदींना कुलूप राहतं. खिडकीपाशी पाचवीतली एक मुलगी उभी होती. सुट्टीत आजोळी न्यायला तिला एक पुस्तक हवं होतं. पुस्तक समोर टेबलावर होतं, पण नोंदीला कुलूप! शेवटी तिची एस.टी. सुटायची वेळ झाली आणि ती रिकाम्या हातानं गेली. चूक संगणकाची नव्हती, माझी होती.

रात्री बसून ती सुधारली. पोस्टग्रेसमध्ये ट्रिगर दोन तऱ्हांनी बसवता येतो : प्रत्येक नोंदीमागे एकदा, किंवा पूर्ण आज्ञेमागे एकदा. मी दुसरी तऱ्हा घेतली. २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून अशा ट्रिगरला बदलाआधीची आणि बदलानंतरची अशा दोन्ही याद्या हाती मिळतात. त्यांतून स्थिती खरोखर बदललेल्या प्रती तेवढ्या निवडायच्या, पुस्तकवार गट पाडायचे आणि आकड्यात तेवढीच भर किंवा वजाबाकी करायची. पुन्हा मोजणी नाहीच! साठ वह्या सरांच्या टेबलावर न्यायच्या तर साठ खेपा कोण घालतो? गठ्ठाच उचलायचा.

मग पूर्ण मोजणी? ती लागतेच, कारण आकडा कुठे चुकला तर कळायला हवं. ते काम मी प्रोसीजरला दिलं. वाचनालय बंद झाल्यावर तिला हाक मारायची, मग ती खुशाल घेऊ दे वेळ.

एक सावधगिरी. सगळे डेटाबेस सारखे नसतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रिगर आज्ञेमागे एकदाच चालतो, तर एसक्यूलाइटमध्ये प्रत्येक नोंदीमागे. आपला कुठला, ते आधी पाहावं.

तेव्हा लक्षात ठेवा : जे न बोलावता चालतं, त्याचं काम छोटं असावं. मोठं काम हाक मारून, वेळ पाहून करावं.

आता तुमच्यासाठी कोडं. घंटीच्या हिसक्यानं दारच पुन्हा उघडलं तर? म्हणजे, ज्या तक्त्यावर ट्रिगर बसलाय, त्याच तक्त्यात त्यानं बदल केला तर काय होईल? विचार करून ठेवा. उत्तर पुढच्या आठवड्यात!