गज तेच, कुलूप तेच. भत्ता मात्र गाव बघून

कसाऱ्याच्या स्टेशनवर भरतीची तयारी करणारी आपली पोरं रोज भेटतात. पोलीस शिपाई नाही तर कारागृह शिपाई, काहीतरी लागलंच पाहिजे. परवा एकाने विचारले, "दादा, जेलमध्ये पगार किती?" मी म्हटले, "कुठल्या जेलमध्ये?" तो हसला. सरकारी पगार सगळीकडे सारखाच, असे त्याला वाटत होते.

मूळ वेतन सारखेच आहे, सातव्या आयोगानुसार सुरुवात 21,700 पासून. फरक घरभाडे भत्त्यात. महागाई भत्ता 50 टक्क्यांपुढे गेल्यावर तो शहराच्या वर्गाप्रमाणे 30, 20 आणि 10 टक्के. कल्याणचे आधारवाडी जेल मुंबईच्या पट्ट्यात, म्हणून 6,510 रुपये. घाट चढून नाशिकरोडला नेमणूक झाली तर 4,340. श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरला 2,170. सरकारी क्वार्टर मिळाली तर तेही नाही.

शहरात भाडे जास्त, हे मान्य. पण नोकरीचा खर्च म्हणजे फक्त भाडे का? आडगावी नेमणूक झालेला शिपाई मुलांच्या शाळेसाठी, आईच्या दवाखान्यासाठी दुसरीकडे बिऱ्हाड ठेवतो. दोन चुली पेटतात, भत्ता एकीचाही पुरत नाही. शासनाला हे कळत नाही असे नाही. आदिवासी व नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना 2002 च्या शासन निर्णयाने एकस्तर वरची वेतनश्रेणी दिली आहेच. म्हणजे दुर्गमतेला किंमत आहे. फक्त त्या यादीत तुमचे गाव हवे.

आपलेच काही कार्यकर्ते विचारतात, जेल पोलिसासाठी कशाला भांडायचे? आत तर आपलीच माणसे सडतात. खरे आहे. तुरुंगाच्या नियमावल्यांतली जातीवर कामे वाटणारी कलमे रद्द व्हायला 3 ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला, तेही सर्वोच्च न्यायालयामुळे. पण चावी ज्याच्या कमरेला, त्याला अर्धपोटी ठेवून कैद्याचे भले कसे होणार? ती तूट उद्या भेटीला आलेल्या कैद्याच्या आईकडूनच वसूल होण्याची भीती आहे. शिवाय तो शिपाईही आपल्याच वस्तीतला. कामगाराची मजुरी मालकाच्या मर्जीवर सोडायची नाही म्हणूनच बाबासाहेबांनी 1946 मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले होते.

केंद्राने आठवा वेतन आयोग नेमला आहे. राज्याचाही विषय येईलच. तेव्हा संघटनांनी नुसता घरभाड्याचा टक्का मागू नये, दुसऱ्या बिऱ्हाडाचा खर्चही मागावा. आणि पोरांनो, तोवर अर्ज भरताना विभाग बघून भरा.