पश्चात कोण कोण

दादा गेला त्या रात्री त्याच्या धाकट्यानं वर्तमानपत्रात द्यायची बातमी मला फोनवर वाचून दाखवली. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ मी म्हटलं, “त्यात आतेबहीण घाल.” तो अवघडला. “आत्या, तिथं तसं घेत नाहीत. विचारलं मी.” पोरानं न सांगता विचारलं होतं, हेही खूप झालं.

दादा माझा मामेभाऊ, बारा वर्षांनी मोठा. वाईत मामाच्या घरामागच्या गल्लीतल्या छापखान्यात तो खिळे जुळवायचा. मे महिन्यात आजोळी गेले की त्याचा डबा पोचवायचं काम माझं. लग्नसराई ऐन भरात, त्याला मान वर करायला फुरसत नसे. डाव्या हातात स्टिक, उजवा हात न बघता शेकडो खणांवरून फिरायचा. ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’ तर दोऱ्यानं बांधून तयारच. निमंत्रकांत इतके ‘राव’ असत की ‘व’ संपायचे. मग छापून झालेली पत्रिका सोडून खिळे मोकळे करायचे. तळाशी ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी सात-आठ पोरं, त्यांत चुलत-मावस सगळी. आरशात दिसावीत तशी उलटी अक्षरं वाचायला मी तिथंच शिकले.

१९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. विश्वकोशाचं कार्यालय वाईतच. दादाचा त्या कामाशी काडीचा संबंध नव्हता, तरी घरचं कार्य असल्यासारखा मिरवत होता. कुणाकडून तरी खंड पाहायला आणला, आधी समास बघितले आणि मग रात्रभर मुद्रणदोष शोधत बसला. सातवी पास माणूस. पुढे मी तीस वर्षं मराठी शिकवली, पण फळ्यावर वेलांटी काढताना धाक वाटायचा तो त्याचाच.

त्या छापखान्यात एक साप्ताहिकही निघे. त्यातल्या निधनवार्तांसाठी ‘असा परिवार आहे’ ही ओळ त्यानं अशीच बांधून ठेवली होती. मी विचारलं होतं, “लग्नात एवढी माणसं, मग मेल्यावर कुठं जातात?” “तिथं जागा कमी असते गं,” तो म्हणाला. “आणि पत्रिकेचे पैसे यजमान देतो.”

पुढे डीटीपी आलं, छापखाना मिटला, खिळे शिशाच्या भावानं वजनावर गेले. आता ‘व’ संपत नाहीत. ओळ मात्र तशीच बांधलेली आहे. ज्या भाषेनं आते, मामे, चुलत, मावस अशी प्रत्येकाला वेगळी हाक दिली, तिच्या वर्तमानपत्रात या नात्यांना मरणाच्या बातमीत दार बंद. सुतकाचंही तेच, चुलतभावाला दहा दिवस, मी लग्न होऊन परक्या घरी गेलेली आतेबहीण, मला लवकर सुटका. कुणी मागितली होती? संपादकांनी शब्दांची मर्यादा खुशाल घालावी, पण त्या शब्दांत कोण बसेल हे घरच्यांना ठरवू द्यावं. एखाद्याच्या पश्चात शेजारी असेल, एखाद्याच्या पश्चात डबा पोचवणारी पोरगी.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. चार ओळी. ‘दीर्घ आजाराने’मधल्या ‘दी’ची वेलांटी पहिली पडली होती. मी लाल पेन घेतलं, दुरुस्त केली आणि समासात दादा करायचा तशी खूण केली.